माशांचा शंख आणि मयताचा शंख

कालबासच्या किनाऱ्यावर शंख दोनच कारणांसाठी फुंकला जातो. होड्या मासे घेऊन आल्या की एक लांबलचक, न तुटणारी फुंक. गावात कुणी गेलं, तर तुटक तुटक फुंका, मध्ये थांबत थांबत. पहिला शंख ऐकला की लोक भांडी घेऊन धक्क्याकडे पळतात. दुसरा ऐकला की खुर्च्या उचलून मयताच्या घराकडे निघतात, कारण रात्र जागवायची म्हणजे बसायला हवं, आणि साऱ्या गावाला पुरतील एवढ्या खुर्च्या कुणाच्याच घरी नसतात. मोबाइल आले तशी मार्तिनिकमधल्या बाकीच्या गावांनी ही भानगड सोडून दिली. कालबासने सोडली नाही. फोनवर कुणीही काहीही टाकतं, शंख थापा मारत नाही, असं गावाचं ठाम मत.

शंखाने पहिली थाप मारली तेव्हा तो सिडोनीच्या हातात होता.

सिडोनी म्हणजे फुल्बेर कोळ्याची बायको. तेव्हा ती चौतिशीतली होती, अंगाने भरलेली, हसली तर दोन घरं पलीकडे कळावं अशी. शंख तिला सासूकडून मिळाला होता. खरं तर तो मिळायचा सासूच्या लेकीला, जिस्लेनला. पण म्हातारीने जायच्या आधी दोघींना धक्क्यावर उभं करून फुंकायला लावलं. जिस्लेनची फुंक अर्ध्यावर विरली, सिडोनीची समोरच्या खडकांना आपटून परत आली, आणि निकाल तिथल्या तिथे लागला. जिस्लेनने तो मनाला लावून घेतला. ती नणंद तर होतीच, शिवाय सिडोनीच्या पोराची धर्ममाता होती, म्हणून दोघी एकमेकींना ‘कोमे’ म्हणत. शब्द तसा जिव्हाळ्याचा आहे, पण जिस्लेन तो असा उच्चारायची की त्यात सासूची सगळी वाटणी आठवावी.

त्या वर्षी ईस्टरला खेकड्यांचा भात खाऊन सगळं गाव सुस्तावलेलं असताना सिडोनीला उचकी लागली. कुणी लक्ष दिलं नाही. संध्याकाळपर्यंत थांबेल म्हणाले, संध्याकाळी म्हणाले सकाळपर्यंत थांबेल. आठवडा उलटला तरी बाई उचकतेच आहे. अन्न पोटात ठरेना, पाणीसुद्धा उलटून पडायचं. जिस्लेनने खेकड्यांवर खापर फोडलं, कारण ते तिने रांधले नव्हते. मग घरोघरचे उपाय सुरू झाले. साखरेवर व्हिनेगर टाकून खाणं झालं, नाक दाबून पाणी पिणं झालं, तान्ह्या बाळाला लावतात तसा ओला दोरा कपाळावर चिकटवणं झालं. सिडोनी तो दोरा लावूनच बाजारात जायची. शेवटी अनातोलने तिला घाबरवायचं ठरवलं.

अनातोल हा गावचा गोष्टीवाला. मयताच्या रात्री अंगणात उभं राहून ‘क्रिक!’ अशी आरोळी ठोकायची, लोकांनी ‘क्राक!’ म्हणून उत्तर द्यायचं, आणि मग उजाडेपर्यंत भुतांच्या आणि लबाड जनावरांच्या गोष्टी सांगायच्या, हा त्याचा मान. मेलेल्याचं त्याला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण तेव्हा गावात बराच काळ कुणी मेलं नव्हतं आणि तो आतल्या आत कुढत होता. तर हा अनातोल बदामाच्या झाडामागे दबा धरून बसला आणि सिडोनी जवळ येताच दोन्ही हात वर करून त्याने बाहेर उडी मारली. सिडोनी काही दचकली नाही. अनातोलची कंबर मात्र धरली.

अशातच एका सकाळी होड्या कुपा घेऊन आल्या. मोठाले, मांडीएवढे मासे. सिडोनी धक्क्याच्या टोकाला गेली, शंख तोंडाला लावला, पोटातून हवा वर आणली, आणि उचकीने फुंक मध्येच तोडली. तिने पुन्हा फुंकलं, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा तेच. गावाने ऐकलं ते असं: तुटक फुंक, थांबून तुटक फुंक, थांबून आणखी एक.

बघता बघता वरच्या आळीतून खुर्च्या निघाल्या. सगळ्यांत पुढे अनातोल, कंबर वाकडी, अंगात पांढरा सदरा, हातात घरची वेताची खुर्ची. त्याच्यामागे कॉफीची किटली घेऊन जिस्लेन. ती रडतच आली. कोण गेलं ते तिला माहीत नव्हतं, पण कुणीतरी गेलंय एवढं रडायला पुरे होतं. सगळ्यांनी सिडोनीला गराडा घातला. कोण गेलं, कुणाच्या घरी, कधी? उचकीमुळे तिला एक शब्द पुरा करता येईना. शेवटी तिने नुसतं बोट दाखवलं. फळीवर एक भला मोठा कुपा डोळे वटारून पडला होता.

अनातोल त्या माशाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने टोपी काढली.

“वय काय होतं?” त्याने विचारलं.

खुर्च्या आणल्याच होत्या तर लोक बसले. कॉफी होतीच, कुणी रम आणली, कुप्याचे तुकडे करून भाजले आणि सोबत नीरफणस उकडला. दिवसाढवळ्या गोष्ट सांगितली तर सांगणाऱ्याची टोपली होते असं आमच्याकडे समजतात, पण अनातोल इतक्या दिवसांचा तुंबलेला होता की त्याने ती जोखीमही घेतली. पुढे काही दिवसांनी उचकी आली तशी आपणहून गेली. माशाच्या मयताची गोष्ट मात्र राहिली, आणि सिडोनी कुठेही दिसली की लोक गंभीर चेहरा करून ‘घरचं कुणी होतं का?’ असं विचारू लागले.

ती उचकी म्हणजे आजाराची पहिली हजेरी होती, हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने पोटाची गोळी दिली होती. उचकी थांबली, म्हणजे गोळी लागू पडली.

पुढच्या वर्षी वादळांच्या दिवसांत तिचा उजवा डोळा दुखू लागला. बुबुळ हलवलं की आत कळ जायची. दुसऱ्या दिवशी तिला आपल्या डोक्याच्या लाल रुमालाचा रंग ओळखू येईना, जणू कुणी तो शंभरदा धुतला होता. चौथ्या दिवशी त्या डोळ्यापुढे अंधार झाला. फुल्बेरने तिला उचलून गाडीत घातलं आणि शहराच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे पाठीतून पाणी काढलं, रक्त तपासलं, यंत्रात घालून मेंदूचे फोटो काढले आणि सलाइनमधून जोरदार औषध दिलं. डोळा थोडासा परत आला. खिडकीत उजेड आहे की नाही एवढं त्याला कळायचं, त्यापुढे नाही.

डॉक्टर मोंदेझीर नावाची बारीक चणीची बाई होती, तिने सिडोनीला खुर्चीत बसवून सगळं नीट सांगितलं. आजार हजारो माणसांत एखाद्यालाच होणारा, पण आपल्या या बेटावर जगात इतरत्र होतो त्याहून जास्त, आणि तोही बहुतेक बायकांना. शरीराचे पहारेकरी चुकून घरच्याच माणसाला चोर समजतात आणि झोडपतात. कधी डोळ्याची नस, कधी पाठीचा कणा.

“म्हणजे मी रोज थोडी थोडी संपत जाणार?” सिडोनीने विचारलं.

“नाही, मादाम सिडोनी. हे नीट ऐका. हा आजार वाळवी नाही, दरोडेखोर आहे. रोज कुरतडत नाही. येतो, हाताला लागेल ते नेतो आणि निघून जातो. मधल्या काळात तुमचं काही कमी होत नाही. पण नेलेलं सगळं परत मिळतंच असं नाही. म्हणून दार लावून ठेवायचं. दर सहा महिन्यांनी इथे यायचं, आम्ही सलाइनमधून औषध देऊ. बरं वाटत असलं तरी यायचं. बरं वाटतंय म्हणूनच यायचं.”

मग तिने विचारलं, याआधी कधी पुष्कळ दिवस उचकी किंवा उलट्या झाल्या होत्या का. सिडोनीला हसू फुटलं. तिने कुप्याच्या मयताची गोष्ट सांगितली, अनातोलच्या कंबरेसकट. डॉक्टरबाई हसली नाही.

“पुन्हा तशी उचकी लागली तर त्याच दिवशी या,” ती म्हणाली. “उद्या नाही.”

आता गावाला आजाराचं असं सरळ कारण पचत नाही. पहारेकरी चुकले म्हणजे काय? कुणीतरी चुकवले असणार. हळूहळू कुजबुज सुरू झाली की करणी झाली आहे, आणि करणी करण्याइतकं कुणाच्या पोटात दुखत होतं हे सांगायची गरजच नव्हती. शंख कुणाला मिळाला नव्हता ते सगळ्यांना माहीत होतं. जिस्लेन बाजारात आली की बायका एकदम गप्प व्हायच्या. ती बिचारी रोज सिडोनीकडे सूप घेऊन यायची, आणि मुद्दाम मधल्या रस्त्याने, लोकांनी बघावं म्हणून. सूप चांगलं असायचं, पण त्याची एवढी मिरवणूक निघायची की सिडोनीला ते पिताना अवघडायला व्हायचं.

दोन वर्षं सिडोनी नेमाने सलाइनला गेली आणि दरोडेखोर फिरकला नाही. एका डोळ्याने ती होड्या ओळखत होती, धक्क्यावर उभी राहत होती, शंख फुंकत होती. आणि बरं वाटण्याचा हाच तर घात असतो. ती जितकी ठणठणीत दिसायची, तितकं जिस्लेनला हायसं वाटायचं, कारण सिडोनी बरी म्हणजे करणी खोटी आणि जिस्लेन निर्दोष. तिला सिडोनी बरी हवी होती, दिसायला हवी होती आणि दवाखान्यात जायला नको होती.

“कोमे, तू आजारी दिसतेस का? नाही. मग आजाऱ्यांच्या खुर्चीत कशाला जाऊन बसतेस? ते औषध म्हणजे विषच. निरोगी माणसाला आजारी करायचं.”

नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरायचे दिवस होते आणि त्या वेळचं सलाइन नेमकं त्यातच येत होतं. सिडोनीचा आवाज गावात पहिला. तिने म्हटलं, जानेवारीत जाऊ. जानेवारीत कार्निवलचे कपडे शिवायचे होते. फुल्बेर दोनदा पुटपुटला, पण तो मुळात पुटपुटणाऱ्यांतलाच, त्यामुळे कुणी ऐकलं नाही.

कार्निवलच्या शेवटच्या दिवशी, काळं-पांढरं नेसून सगळं गाव कार्निवलचा राजा म्हणून मिरवलेला मोठा बाहुला जाळायला किनाऱ्यावर चाललं होतं, तेव्हा नाचता नाचता सिडोनीला कंबरेभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटलं. तिला वाटलं स्कर्ट घट्ट झालाय. तिने बटण सोडलं, पट्टा सुटेना. बाहुला पेटेपर्यंत पाय जड झाले होते, आणि सकाळी अंथरुणात ती उठून बसली तेव्हा ते नुसते तिथे पडलेले होते. लघवीही होईना. तिने मांडीला चिमटा काढला आणि दुसऱ्या कुणाची तरी मांडी चिमटल्यासारखं वाटलं.

या खेपेला ती बरेच महिने दवाखान्यात होती. डावा पाय पुष्कळसा परत आला, उजवा ताठच्या ताठ राहिला. घरात काठी धरून चालता यायचं, दूर जायचं तर चाकांची खुर्ची. लघवी आली म्हणजे लगेच आली, तिला थांब म्हणायची सोय राहिली नाही. गावात कुणाकडचा संडास जवळ आहे, कुणाकडचा स्वच्छ आहे आणि कुणाच्या दाराला कडीच नाही, याची माहिती सिडोनीइतकी नगरपालिकेलाही नसेल. एकदा तिने चर्चमधून उठून थेट पाद्र्याचा संडास गाठला आणि आल्यावर सगळ्यांना सांगितलं की फादरच्या घरी साबण वासाचा आहे.

जिस्लेन मात्र तोंड दाखवेना. सिडोनी घरी आल्याला आठवडा झाला तेव्हा आली, सूप न घेता, मागच्या वाटेने. पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, लोक खरं बोलत होते, करणी तिनेच केली, फक्त जिभेने केली.

“जीभ तुझी होती,” सिडोनी म्हणाली, “पण कान माझेच होते ना. आता रडत बसू नकोस, कोमे. मला संडासला जायचंय, लवकर हात दे.”

त्या दिवसापासून तिच्या सलाइनची तारीख जिस्लेनच्या तोंडपाठ झाली. आदल्या रात्रीच ती बॅग भरून अंगणात हजर.

शंखाचा प्रश्न उरला. धक्क्याकडे जायला पायऱ्या, आणि पायऱ्यांवर चाकांची खुर्ची चालत नाही. गावातल्या जाणत्यांनी हळूच जिस्लेनकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते आता ताटात वाढून आलं होतं, पण जिस्लेनने मान फिरवली. मग सिडोनीनेच सांगितलं की तिच्या ओसरीवरून खाडीचं तोंड दिसतं, ती तिथूनच फुंकेल. होडी दिसायच्या आधी तिला इंजिन ऐकू यायचं. फुल्बेरचं इंजिन खोकायचं, त्याच्या भावाचं शिट्टी मारायचं. मग डावा डोळा खात्री करायचा, आणि मग शंख. भर दुपारी, उकाडा वाढला की त्या डोळ्यापुढेही थोडं धुरकट व्हायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा तिचं धाबं दणाणलं होतं, पण डॉक्टरबाईने सांगितलं की ती धाड नव्हे, उन्हाची खोडी आहे, सावलीत बसलं की जाईल. तशी ती जायची.

वर्षामागून वर्षं गेली आणि काही घडलं नाही. लोकांना हेच समजायचं नाही. भेटेल तो विचारायचा, वाढतंय का गं? सिडोनी म्हणायची, वाढत नाही आणि कमीही होत नाही, जे नेलं ते नेलं. पण तिला एकटीला ठाऊक होतं की दरोडेखोराने आता डाव्या डोळ्याला हात घातला तर ओसरी, खाडी, होड्या, फुल्बेरचं तोंड, सगळं एका रात्रीत जाईल. अंधाराची तिला भीती वाटायची, आणि ती भीती ती कुणाला सांगायची नाही. अनातोल तेवढा अधूनमधून येऊन बसायचा.

“तुझ्या रात्रीसाठी एक खास गोष्ट राखून ठेवलीय बरं का,” तो म्हणायचा.

“राखूनच ठेवा, तोंतों,” ती म्हणायची, काका म्हणावं तसं.

मग आला शर्यतीचा रविवार. शिडाच्या लांबट होड्यांची शर्यत म्हणजे आमच्याकडे मोठा सण. या होड्यांना खाली वजन नसतं. वारा भरला की माणसं बाहेर काढलेल्या वाशांवर लोंबकळतात आणि तोल धरतात, एकजण जरी चुकला तरी सगळे पाण्यात. फुल्बेर गावच्या होडीवर पहिल्या वाशावर होता. सारं गाव खाली वाळूत, घडीच्या खुर्च्या टाकून, भोंगे कोकलताहेत, भज्यांचा वास. सिडोनी ओसरीवर होती, खारवलेल्या मासळीची भजी तळत होती. जिस्लेन तिला न्यायला दुपारी येणार होती.

पहिली उचकी लागली तेव्हा तिने मिरचीला दोष दिला. दुसरी लागली तेव्हा पाणी प्यायली. मग ते पाणी आणि सकाळचं सगळं उलटून पडलं, आणि तिने कढईखालचा गॅस बंद केला. ती स्वस्थ बसली आणि तिने डावा डोळा हळूच बाजूला वळवला. आत बारीकशी कळ गेली.

तिने जिस्लेनला फोन लावला. वाजत राहिला. त्या भोंग्यांच्या गोंगाटात फोन कुणाला ऐकू येणार? रुग्णवाहिकेला लावला. पलीकडच्या मुलाने तक्रार विचारली. उचकी, असं ती उचकत उचकत म्हणाली, आणि तिला पुढचं काही सांगता येण्याआधी त्याने अगदी मायेने सांगितलं की घोट घोट पाणी प्या आणि थोडं पडून राहा. ती ओरडली, पण तिच्या ओरडण्याला उचकीने शेंडाबुडखा ठेवला नाही.

शंख शेजारीच होता. सिडोनीने तो उचलला आणि मांडीवर धरून बसली. लांब फुंक मारली असती तर लोकांनी म्हटलं असतं, शर्यतीच्या दिवशी कसले मासे, आणि भजी खात राहिले असते. दुसरा शंख फुंकला तर मात्र सगळे येतील. पण घरोघरची माणसं आता समुद्रात होती. तो आवाज ऐकून खाली प्रत्येक बाई आधी आपल्याच माणसाला पाण्यात शोधेल हे तिला माहीत होतं. शंख थापा मारत नाही, या गावाच्या विश्वासाला ती जाणूनबुजून तडा देणार होती. पहिल्या वेळी चूक होती, आता चूक नव्हती. ती रडली. उचक्या आणि हुंदके यांची इतकी गर्दी झाली की तिला स्वतःचंच हसू आलं. मग तिला डॉक्टरबाईचं आठवलं: उद्या नाही. तिने शंख ओठांना लावला. तुटक फुंकायला तिला कष्ट पडले नाहीत, उचकीने मनापासून मदत केली.

खाली भोंगा अर्ध्या वाक्यात थांबला. सगळं गाव वाळूत उभं राहिलं आणि सगळ्यांच्या माना समुद्राकडे वळल्या. होड्यांवरच्यांनीही ऐकलं. वाशांवरची माणसं किनाऱ्याकडे बघू लागली, तोल गेला आणि गावची होडी, जी पहिली येत होती, सगळ्यांदेखत आडवी झाली.

पहिली पोचली ती जिस्लेन. अनवाणी, केस सुटलेले, चढ चढून धापा टाकत. मागे सगळे, आणि सवयीने प्रत्येकाच्या हातात खुर्ची, घडीची.

“कोण?” तिने विचारलं. “फुल्बेर?”

“कुणी नाही,” सिडोनी म्हणाली. “मी. म्हणजे... अजून नाही.”

जिस्लेनने हात उगारला. खरंच मारलं असतं तिने. तेवढ्यात सिडोनीला उचकी लागली. मागून कुणीतरी खुदकन हसलं, कुप्याचं मयत आठवून. जिस्लेन हसली नाही. तिचा हात हवेतच राहिला, त्या उचकीचा अर्थ आता तिला ठाऊक होता.

“हसतोस काय रे?” ती वळून म्हणाली. “गाडी काढ.”

चौघांनी सिडोनीला घडीच्या खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरवल्या. शर्यतीमुळे रस्ता तुंबलेला, गाडी हलेना. तेव्हा अनातोल पुढच्या सीटवर बसला, खिडकीतून अर्धा बाहेर निघाला आणि आयुष्यभराचा कमावलेला आवाज लावून ओरडत राहिला की गाडीत मयत आहे, वाट द्या. मयताला कुणी अडवत नाही. गाड्या बाजूला झाल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या, एका बाईने क्रूसाची खूण केली. मागच्या सीटवरचं मयत मोठमोठ्याने उचकत होतं.

दवाखान्यात त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं. पुढे कितीतरी दिवस तिचं रक्त एका यंत्रातून गाळून परत अंगात घालत होते. मधले काही दिवस वाईट गेले. डाव्या डोळ्यापुढे धुकं दाटलं, फुल्बेर उशाशी बसला असला तरी नुसता एक काळा आकार दिसायचा, आणि तो आकारही पुटपुटायचा. डॉक्टरबाई म्हणाली, लवकर आलात, आता वाट बघू. याहून जास्त तिने काही कबूल केलं नाही.

इकडे गावात शंख जिस्लेनकडे आला. कुणीतरी फुंकायला हवाच होता. तिची फुंक पूर्वीसारखीच अर्ध्यावर विरायची, धड माशांची नाही, धड मयताची नाही. लोक एका हातात भांडं आणि एका हातात खुर्ची घेऊन बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावर उभे राहून एकमेकांना विचारायचे. पण कुणी तिला टोमणा मारला नाही. शर्यत हरल्याबद्दलही सिडोनीला कुणी बोललं नाही. फुल्बेर एकदाच म्हणाला की पहिलेच येत होतो, आणि ते त्याने चक्क स्पष्ट म्हटलं.

सिडोनी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच जिस्लेन शंख घेऊन ओसरीवर आली. तो तिने सिडोनीच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसली. डोळ्याचं काय झालं हे विचारायची तिची हिंमत होत नव्हती. सिडोनीही मुद्दाम सांगत नव्हती, इतक्या वर्षांचं थोडं उट्टं काढायला नको का. दोघी खाडीकडे बघत बसल्या. उजाडत होतं. लांबून एक इंजिन खोकलं.

“निळी होडी,” सिडोनी म्हणाली. “फुल्बेर पुढे उभा आहे. टोपी विसरलाय.”

जिस्लेनने दोन्ही डोळे बारीक केले. तिला नुसतं राखाडी पाणी दिसत होतं.

“कुठे?”

“अगं ती काय, खडकाच्या डावीकडे. तुला दिसत नाही?”

जिस्लेनला दिसलं नाही, कारण तोवर तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. सिडोनीने शंख उचलला, पोटातून हवा वर आणली आणि फुंकलं. फुंक कुठेही तुटली नाही. ती छपरांवरून गेली, खडकांना आपटून परत आली, आणि तरीही थांबेना.

खालच्या आळीत अनातोलने सवयीने खुर्ची उचलली होती. तो दारात थांबून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्याने खुर्ची खाली ठेवली आणि घरातून भांडं घेऊन आला.